आंतरराष्ट्रीय व्यापार परिषद : स्थळ आणि वक्ते यांची निवड

निर्यातवाढ, परकीय भांडवल आणि नवे तंत्रज्ञान यांच्या शोधात आज अनेक देश व राज्ये आंतरराष्ट्रीय व्यापार परिषदा भरवितात. शासनाने भरविलेल्या परिषदेवरील खर्च हा अखेर जनतेच्या पैशांतून होत असतो. त्यामुळे मंडप किती भव्य होता यापेक्षा परिषदेतून काय निष्पन्न झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दोन निर्णयांवर अवलंबून असते : परिषद कोठे भरवावी आणि तेथे कोणास बोलावयास निमंत्रित करावे. या दोन्ही निर्णयांच्या अभ्यासासाठी स्वित्झर्लंडमधील दावोस येथील परिषदेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

दावोसच का?

अभियांत्रिकी व अर्थशास्त्र या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतलेले क्लाउस श्वाब यांनी १९७१ च्या प्रारंभी दावोस येथे युरोपीय व्यवस्थापन परिसंवाद भरविला. अमेरिकेतील व्यवस्थापनाच्या पद्धतींचा युरोपातील कंपन्यांना परिचय करून द्यावा, हा त्यामागील मर्यादित व स्पष्ट हेतू होता. सुमारे ४५० प्रतिनिधी त्यास उपस्थित राहिले. याच उपक्रमास १९८७ मध्ये जागतिक आर्थिक मंच हे नाव मिळाले.

आल्प्स पर्वतात सुमारे १,५६० मीटर उंचीवर वसलेले दावोस हे काही व्यापाराचे केंद्र नव्हे. एकोणिसाव्या शतकात ते क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्धीस आले आणि पुढे हिवाळी क्रीडांचे ठिकाण बनले. मात्र तेथे १९६९ मध्ये परिषदगृह उभे राहिले होते आणि पाहुण्यांच्या निवासाची सोय पूर्वापार होती. शिवाय गाव लहान असल्याने सभा आटोपताच प्रतिनिधी शहरभर पांगण्याची शक्यता नव्हती. सभागृहात न झालेले बोलणे भोजनाच्या वेळी वा रस्त्याने चालताना होऊ लागले. व्यापाराचे पुष्कळसे व्यवहार अशाच अनौपचारिक भेटींतून आकार घेतात.

या निवडीस दुसरी बाजूही आहे. लहान गावात निवास महाग होतो आणि सुरक्षा व्यवस्थेचा ताण वाढतो. कोणतेही स्थळ अटळ मानता येत नाही, हेही दावोसनेच दाखविले. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर त्या शहराविषयी आस्था व्यक्त करण्यासाठी २००२ ची बैठक तेथे घेण्यात आली. महासाथीच्या काळात २०२१ ची बैठक सिंगापूरला हलविण्याचे ठरले आणि अखेर तीही रद्द करावी लागली. यास्तव पर्यायी स्थळाचा विचार प्रारंभीच झालेला बरा.

आपल्याकडील विचार

मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह २०१६ मध्ये आणि ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषद २०१८ मध्ये, अशा दोन्ही वेळा फेब्रुवारी महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात झाल्या. मोकळ्या मैदानावर तात्पुरते मंडप उभारावयाचे असतील तर पावसाळ्याचे महिने वगळणे क्रमप्राप्तच आहे. मात्र ऋतू अनुकूल असला म्हणजे धोका संपला असे नव्हे. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी याच सप्ताहातील गिरगाव चौपाटीवरील कार्यक्रमात व्यासपीठास आग लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अग्निशमन दलाचे बंब पोहोचण्याचा मार्ग, बाहेर पडण्याची दारे व वीजजोडणीची तपासणी या बाबी सजावटीच्या आधी येतात, हाच त्याचा बोध होय.

प्रत्येक परिषद महानगरातच भरविली पाहिजे असेही नाही. द्राक्ष निर्यातीचा विषय असेल, तर नाशिक जिल्ह्यात परदेशी खरेदीदारास मळा, शीतगृह व प्रतवारीचे काम एकाच दिवशी पाहता येईल. विषय आणि स्थळ यांचा असा मेळ बसला म्हणजे निम्मे भाषण स्थळच करते. विमानतळापासूनचे अंतर, निवास, रुग्णालय व दूरसंचार यांची खातरजमा मात्र अगोदर झाली पाहिजे.

वक्ता कोण असावा?

मोठ्या नावाने सभागृह भरते, पण उपयुक्त माहिती मिळेलच असे नाही. दावोस येथे १९७३ मध्ये क्लब ऑफ रोमचे ऑरेलिओ पेच्चेई यांनी आर्थिक वाढीच्या मर्यादांविषयी विवेचन केले. अधिक उत्पादनाचा ध्यास घेतलेल्या उद्योजकांना तो विषय रुचणारा नव्हता, परंतु त्यांच्या भवितव्याशी त्याचा निकटचा संबंध होता. श्रोत्यांना विचार करावयास लावणारा वक्ता कसा असतो, याचे हे उदाहरण होय. पुढे राजकीय नेत्यांनाही निमंत्रणे जाऊ लागली. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लर्क आणि नेल्सन मंडेला येथे एकाच व्यासपीठावर आले. भिन्न बाजूंचे वक्ते एकत्र आणल्याने परिषदेचे वजन वाढते.

यावरून निवडीची काही सूत्रे सांगता येतील. वक्त्यास विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असावा. शासन, उद्योग, बँका, कामगार व ग्राहक या सर्वांचे प्रतिनिधित्व असावे. स्त्रिया व लघुउद्योजक केवळ श्रोत्यांत नव्हे, तर व्यासपीठावरही दिसावेत. प्रत्येकास विषय व वेळ लेखी कळवावी आणि प्रश्नोत्तरांसाठी पुरेसा अवधी राखून ठेवावा. उद्घाटनाची भाषणे लांबली की कापला जातो तो तज्ज्ञांचा वेळ, हा सार्वत्रिक अनुभव आहे. भाषांतराची सोय असेल तर भाषणाचा मजकूर दुभाषांना आधी द्यावा. हे काम अतिशय थकविणारे असल्याने सामान्यतः दोघे दुभाषे आळीपाळीने ते करतात. परदेशी पाहुण्यांसाठी परिषद-व्हिसा हा स्वतंत्र प्रकार असल्याने निमंत्रणपत्रे वेळेवर रवाना होणे अगत्याचे आहे.

परिषदेनंतर

सामंजस्य करारावर स्वाक्षरी म्हणजे कारखाना नव्हे. जमीन, पाणी, वीज व परवाने यांची पूर्तता झाल्यावरच गुंतवणूक प्रत्यक्षात उतरते. म्हणून परिषद संपताच प्रत्येक करारासाठी जबाबदार अधिकारी नेमावा आणि ठराविक मुदतीने प्रगतीचा आढावा प्रसिद्ध करावा.

ही सूत्रे केवळ मोठ्या परिषदांपुरती नाहीत. तालुक्याचा शेतकरी मेळावा असो वा पंचायत समितीची कार्यशाळा, हेतू आधी ठरवावा, मग श्रोते, त्यानंतर वक्ते व स्थळ. हा क्रम उलटला की गर्दी जमते, पण काम होत नाही. घरी परतणाऱ्या श्रोत्याच्या हाती उपयोगाचे काय लागले, हीच कोणत्याही सभेच्या यशाची खरी कसोटी होय.