मंडळ काढा, पण वही आधी घ्या



प्रवरेच्या पात्रात सापडलेल्या तुकड्याचा तू पाठवलेला फोटो मिळाला. ते हाड आहे की चुनखडी, हे फोटोवरून सांगता येत नाही आणि सांगूही नये. पण त्याखाली तू विचारलेला प्रश्न त्या तुकड्याहून मोलाचा आहे. वर्गातल्या मैत्रिणी मिळून जीवाश्म शोधणाऱ्यांचं मंडळ काढावं का? काढावं, आणि या हिवाळ्यातच काढावं. बारावी तोंडावर आलेली असताना हे कशाला, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. तिला हे पत्र वाचून दाखव.

आपल्याकडे जीवाश्म कुठले, असं गावातले शहाणे लोक म्हणतील. त्यांचं निम्मं बरोबर आहे. नगर जिल्ह्याखाली आहे तो काळा पाषाण, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतत गेलेला लाव्हा. अशा रसात जीव टिकत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठे तळं साचलं असेल, तर त्याच्या गाळात काही मिळतं. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच गाळात इवलेसे बेडूक सापडले आणि 1847 मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेननं त्यांचं वर्णन छापलं. आपली दौलत मात्र पाषाणाच्या वर आहे, नद्यांच्या जुन्या गाळात. नेवाशाकडे प्रवरेची उभी दरड नीट पाहिलीस तर तळाशी खडक, त्यावर सिमेंटनं जोडल्यासारखा घट्ट गोट्यांचा थर, मग वाळू, मग कंकर मिसळलेली पिवळसर माती आणि सगळ्यात वर आपली काळी माती, असा क्रम दिसतो. जुनी हाडं असतात ती बहुधा खालच्या गोट्यांत आणि वाळूत.

हे आजचं ज्ञान नाही. शेवगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या मुंगीजवळ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विन यांना 1860 च्या दशकात नदीच्या जुन्या गाळात अकीकाची एक कपची मिळाली. माणसानं घडवलेली. त्या कपचीवर सर्वेक्षणाचे प्रमुख ओल्डहॅम यांनी 1868 मध्ये टिपण लिहिलं. वर नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरला गोदावरीच्याच गाळातून प्राचीन हत्तीचे अवशेष निघाले. आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी थोराड असलेल्या या जातीवर भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी 1905 मध्ये लेख लिहिला. पुढे 1954 पासून डॉ. ह. धी. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं, आणि इथल्या दगडी हत्यारांमुळे नेवाशाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं. जवळच्या चिरकीला गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीनं 1960 च्या दशकात त्याहून जुन्या अश्मयुगाचा ठाव घेतला. राहुरीला मुळा धरणाच्या परिसरातल्या गाळातलं लाकूड कार्बन पद्धतीनं तपासलं, तेव्हा त्याचं वय सुमारे 31,000 वर्षं आलं.

आता दायमाबादची गोष्ट, कारण मंडळ कशासाठी हवं ते तिच्यातून सर्वांत चांगलं कळतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल हे शेतकरी झाडाचं मूळ खणत होते. हाती लागल्या काशाच्या चार भरीव वस्तू : बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून 60 किलोंहून जास्त वजन. हे जीवाश्म नव्हेत, माणसाच्या हातचं काम आहे. पण धडा तोच. त्यानंतर तिथे मोठं उत्खनन झालं, सावळद्यापासून जोर्वेपर्यंत एकावर एक पाच संस्कृतींचे थर उलगडले. आणि तरीही त्या चार मूर्ती नेमक्या कोणत्या काळच्या, यावर विद्वानांचं एकमत नाही. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून इतरांनी शंका घेतली. त्या निघाल्या तेव्हा कोणता थर होता, शेजारी कोणतं खापर होतं, हे टिपायला तिथे कुणी जाणकार नव्हता. छबूंचा यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारं मंडळ जवळपास कुठे नव्हतं.

म्हणून तुमच्या मंडळाचं पहिलं साधन हातोडी नव्हे, वही. तुकडा दिसला की हात लावण्याआधी फोटो, आणि त्यात शेजारी मोजपट्टी ठेवलेली हवी. मग मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, नदीच्या तळापासूनची उंची, कोणता थर, सुटा पडला होता की थरात रुतलेला, तारीख, कुणाला दिसला. सुटा असेल तर पुरानं तो कुठूनही आणला असेल, त्यामुळे त्याची किंमत कमी. रुतलेला असेल तर काढूच नका; जागा नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. घरी आणलेल्या प्रत्येक तुकड्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका द्यायचा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनं क्रमांक घालायचा, आणि तोच क्रमांक वहीत. तुकडा पाण्याखाली खसाखसा धुवायचा नाही, मऊ ब्रशनं माती झाडायची. तुझ्या त्या तुकड्याचीही अशीच नोंद आजच करून टाक, आठवण ताजी आहे तोवर.

एकटीनं हे होत नाही. एकटा माणूस हुरळतो. आपल्या भागात मुळांभोवती चुनखडी साचून अगदी हाडासारख्या नळ्या तयार होतात. दगडाच्या चिरेत मँगनीजची नक्षी उमटते आणि हुबेहूब नेच्याचं पान दिसतं. दोन्ही जीवाश्म नव्हेत. हाडाच्या मोडलेल्या कडेला भिंगातून बारीक छिद्रांची जाळी दिसते, चुनखडीत ती नसते. चार जणी टेबलाभोवती बसून एकच तुकडा फिरवतात, तेव्हा एकीचं भिंग दुसरीची चूक पकडतं. महिन्यातून एक बैठक याच कामासाठी ठेवा. आणलेलं मांडायचं, वाद घालायचा, ठरलं ते वहीत लिहायचं आणि न ठरलं तर तसंच लिहायचं.

हौशी माणसं काय करू शकतात हे पाहायला लांब जायला नको. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात विशाल वर्मा या शाळाशिक्षकानं सोबत्यांना घेऊन मंगल पंचायतन परिषद उभी केली आणि नर्मदाखोऱ्यातली डायनोसॉरची अंडी शोधली. 2023 मध्ये तिथली 92 घरटी आणि 256 अंडी यांच्यावर शोधनिबंध निघाला, त्यात दिल्लीच्या प्राध्यापकांच्या बरोबरीनं वर्मांचं नाव आहे. त्याच भागात असे गोल दगड शेताचं रक्षण करणारा काकर भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते. नागपूरचे हिस्लॉप तर धर्मोपदेशक. पण 1850 च्या दशकात टाकळीच्या टेकड्यांतले जीवाश्म त्यांनी जमवले, विलायतेत तज्ज्ञांकडे धाडले, म्हणून विदर्भाचं भूविज्ञान सुरू झालं. अमेरिकेत सिनसिनाटीला ड्राय ड्रेजर्स नावाचं हौशी मंडळ 1942 पासून अखंड चालू आहे, विद्यापीठाच्या आधारानं. महिन्याची बैठक, ऋतूत सहली, आणि सभासदांनी शोधलेल्या वस्तू संशोधकांच्या हाती. तुम्हीही कॉलेजातल्या भूगोलाच्या किंवा जीवशास्त्राच्या सरांना सोबत घ्या. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एकदा सगळ्या जा. सिन्नरचं गारगोटी संग्रहालयही पाहून या, म्हणजे राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात विहिरीतून निघालेल्या हिरव्या ॲपोफिलाइटसारखे स्फटिक केवढ्या तोलाचे असतात ते कळेल आणि स्फटिक व जीवाश्म यांची गल्लत होणार नाही.

आईसाठी एवढंच, की यात अभ्यास बुडत नाही. जीवशास्त्रातली दाताची रचना, रसायनातलं कॅल्शियम कार्बोनेट, भूगोलातली नदीची कामं, हे सगळं हातात धरून शिकायला मिळतं. मोजायची, लिहायची, आणि माहीत नाही असं म्हणायची सवय लागते. मुली नदीकाठी जाणती नजर घेऊन फिरू लागल्या की वाळूच्या डंपरनी रोज काय वाहून जातंय तेही गावाला दिसू लागेल. उपशात दरडी ढासळतात आणि हजारो वर्षांचे थर एका पावसाळ्यात जातात. हे सर्वांत मोठं नुकसान आहे, आणि त्याची नोंद ठेवणारं आज फारसं कुणी नाही.

काही गोष्टी मात्र कडकपणे पाळा. दरडीच्या बुडाशी कधीही बसायचं नाही. भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं असेल तर पात्रात उतरायचं नाही. तारीख आधी पाटबंधारे कार्यालयात विचारा. उसाच्या कडेनं बिबट्याचा वावर असतो, तेव्हा उजेडातच परत फिरायचं. ज्याच्या शेतातून जायचं त्याला विचारून जायचं. दायमाबादसारख्या पुरातत्त्वाच्या जागी खापराचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. आणि सापडलेलं काहीही, कितीही पैसे देऊ केले तरी, विकायचं नाही.

पहिली सहल दायमाबादलाच काढा, नुसती पाहण्यासाठी. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर उभं राहून प्रवरेचा काठ वहीत रेखाटा. दुसरी नेवाशाला, दरड मोजायला. भिंग दहापट मोठं दाखवणारं घ्या, त्याहून जास्त लागत नाही. त्याचे पैसे आणि जाड पुठ्ठ्याची एक वही आईच्या हाती पाठवली आहे. पहिल्या बैठकीत काय काय मांडलं ते कळव.

तुझी,
मावशी