नवशिक्याचे पहिले साधन : गळ, पाग की भाला?

मुंबई उपनगर जिल्ह्याचा वेसाव्यापासून मढ, मार्वे, मनोरी व गोराईपर्यंतचा किनारा हा कोळी समाजाच्या उपजीविकेचा पूर्वापार आधार आहे. त्याचबरोबर अंधेरी, मालाड, बोरिवली या भागांतील अनेक नोकरदार व विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी या किनाऱ्यावर मासे धरण्याचा छंद जोपासतात. परदेशी चित्रफिती पाहून भाल्याने मासेमारी करण्याची ओढही अलीकडे काही तरुणांत निर्माण झाली आहे. छंद चांगला आहे. परंतु पुष्कळदा साधन आधी विकत घेतले जाते आणि पाण्याची ओळख नंतर होते. या उलट्या क्रमामुळे पैसा वाया जातो, लहान मासा नष्ट होतो आणि प्रसंगी जिवावरही बेतते. नवशिक्याने पहिले साधन कोणत्या कसोटीवर निवडावे, याचा विचार म्हणूनच उपयुक्त ठरेल.

पाण्याची ओळख

साधन हे पाण्यावरून ठरते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात साधारणपणे दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी होते आणि तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या वेळी भरतीची उंची साडेचार मीटरांहूनही अधिक होऊ शकते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो. त्यास कोळी बांधव 'भांग' म्हणतात. उधाणाच्या वेगवान प्रवाहाने खाडीतील गाळ ढवळला जाऊन पाणी गढूळ होते. ही एकच गोष्ट साधनाच्या निवडीत निर्णायक ठरते.

कोणत्या पाण्यात साधन नेऊच नये, हेही आधी समजून घ्यावे. विहार व तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे संरक्षित तलाव आहेत. मुलुंड व घाटकोपरच्या पूर्वेस असलेल्या ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला असून २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे वनविभागाचे नियम लागू आहेत. पवई तलावाशी गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींची संस्था अनेक दशके निगडित राहिली आहे. तथापि, त्या तलावात मगरी असल्याने पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. मालाड खाडीसारख्या ज्या ठिकाणी सांडपाणी मिसळते, तेथील नाल्याच्या मुखाशी मिळालेला मासा खाण्यास वापरू नये.

भाला : आकर्षक, पण येथे अयोग्य

भाल्याची मासेमारी नितळ पाण्याची आहे. अंदमानातील आदिवासी उथळ, स्वच्छ पाण्यात धनुष्यबाणाने मासे टिपत आले आहेत, कारण तेथे मासा दिसतो. उपनगराच्या गढूळ खाडीत हातभर अंतरावरचाही मासा दिसत नाही. भाल्याचा खरा गुण म्हणजे मारणाऱ्याला हवा तोच मासा निवडता येतो. गढूळ पाण्यात हा गुणच नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ अंदाजाने केलेला घाव. असा जखमी होऊन निसटलेला मासा पुष्कळदा नंतर मरतो. तो ना मच्छीमाराला मिळतो, ना समुद्राला.

नितळ पाण्यातही भाला वरून फेकणे सोपे नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा वर दिसते. एक मीटर खोल असलेला मासा सरळ वरून पाहणाऱ्यास सुमारे पाऊण मीटरवर भासतो. तिरपे पाहिल्यास हा फरक आणखी वाढतो, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांना हा धडा पाण्याच्या बादलीत नाणे टाकूनही दाखविता येईल.

ज्यांना इतरत्र, परवानगी असलेल्या स्वच्छ समुद्रात, जाणकारांच्या हाताखाली ही विद्या शिकावयाची असेल, त्यांनी भाल्याआधी पाण्यात पाहण्याचा मुखवटा घ्यावा. तो पट्ट्याशिवाय चेहऱ्यावर ठेवून नाकाने किंचित श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप योग्य समजावे. त्यानंतर पायांतील पर आणि नौकांना दिसेल असा झेंड्याचा तरंगता गोळा घ्यावा. भाला सर्वांत शेवटी आणि तोही आखूड, साधा असावा. रबरी पट्ट्यांची बंदूक हे नवशिक्याचे साधन नव्हे. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची सवय अत्यंत घातक आहे. त्यामुळे श्वास घेण्याची नैसर्गिक ऊर्मी लांबते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो. जोडीदाराविना बुडी कधीही मारू नये.

गळ : पहिली पायरी

उपनगरातील नवशिक्यास गळ हेच सर्वार्थाने योग्य असे पहिले साधन होय. तीन-चार मीटर लांबीची चिवट बांबूची काठी, पाच ते सात किलो भार पेलणारा नायलॉनचा दोरा, लहान-मोठ्या आकाराचे मोजके गळ आणि थोडी शिशाची वजने एवढ्यावर आरंभ होतो. काठी विकत घेताना ती वाकवून पाहावी. वाकून सरळ होणारी काठी घ्यावी, करकरणारी घेऊ नये. दोरा जाड असला म्हणजे अधिक मासे मिळतात, हा समज चुकीचा आहे. जाड दोरा माशाला जाणवतो आणि प्रवाहात ताणला जातो. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने दोरा कमकुवत करते. शिसे विषारी असल्याने ते दातांनी दाबू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो. नवशिक्याने तो पकडीने दाबून सपाट करावा. क्वचित एखादा मासा सुटेल. परंतु लहान मासा इजा न होता परत सोडता येईल आणि स्वतःच्या बोटात गळ रुतल्यास तोही सहज निघेल. मासा सोडताना हात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जात नाही.

गळाची थोरवी शिंगाळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मादीने घातलेली अंडी शिंगाळ्याचा नर आपल्या तोंडात धरून उबवितो आणि पिले बाहेर पडेपर्यंत त्यांना सांभाळतो. त्या काळात तो सहसा अन्न घेत नाही; म्हणून आमिषालाही तोंड लावीत नाही. जाळ्यात मात्र तोच नर अंड्यांसह सापडतो आणि एका माशाबरोबर पुढची पिढीही संपते. भाल्यालाही हा भेद कळत नाही. साधन काय पकडते याइतकेच ते काय सोडते हे महत्त्वाचे आहे, ते याच अर्थाने. शिंगाळ्याच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे विषारी असल्याने त्यास उघड्या हाताने धरू नये, हेही लक्षात ठेवावे.

पाग : दुसरी पायरी

बोय हा खाडीतील मासा मुख्यत्वे गाळातील सेंद्रिय कण व शेवाळ खातो. तो गळाला क्वचितच लागतो. त्यासाठी पाग लागतो. पाग म्हणजे कडेने शिशाची वजने लावलेले, हाताने फेकावयाचे गोल जाळे. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घेर : नवशिक्याने आपल्या उंचीहून अधिक त्रिज्येचा पाग घेऊ नये, कारण तो नीट उघडत नाही. दुसरी, आस, म्हणजेच जाळ्याचे छिद्र. ते ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. बारीक आसाच्या पागात कोळंबीबरोबर बोटभर पिलेही येतात. म्हणून बोयसाठी मोठ्या आसाचाच पाग पसंत करावा. फेकण्याचा सराव आधी मैदानात करावा, मग पाण्यावर.

फाटलेला पाग किंवा तुटलेला दोरा खाडीत टाकून देऊ नये. पूर्वीची सुती व तागाची जाळी कुजून जात असत. नायलॉन तसे कुजत नाही. हरवलेले जाळे धनी नसतानाही मासे, खेकडे व कासवे अडकवीतच राहते.

डोलीसारखी मोठी जाळी हा छंदाचा विषयच नव्हे. प्रवाहाच्या तोंडाशी रोवलेल्या या जाळ्यांच्या जागा परंपरेने ठरलेल्या असून त्यांवर कोळी कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे. हौशी माणसाने त्या जागांपासून दूर राहावे.

कायदा आणि लहान मासा

सुरुंगाच्या दारूने किंवा विष टाकून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा राज्याच्या सागरी मासेमारीचा मूलभूत कायदा असून २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या. २०२३ मध्ये शासनाने ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडणे नियमबाह्य आहे. या निर्बंधामागील तत्त्व साधे आहे : प्रत्येक माशाला निदान एकदा प्रजननाची संधी मिळावी. पावसाळ्यातील मासेमारी बंदीमागेही हाच हेतू आहे. म्हणून गळाच्या पेटीत एक मोजपट्टी अवश्य असावी. साधनांत ती सर्वांत स्वस्त, पण सर्वांत मोलाची आहे.

शाळा व ग्रामपंचायती यांचे कार्य

मुंबई उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायती नाहीत; परंतु येथील अनुभव पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांनाही लागू पडतो. तेथील ग्रामपंचायतींना भरती-ओहोटीचे वेळापत्रक व किमान आकारमानाचा तक्ता जेटीवर लावता येईल. शाळांनी कोळीवाड्यातील अनुभवी मच्छीमारांना वर्गात आमंत्रित करावे. पुस्तकात नसलेले पुष्कळ ज्ञान त्यांच्यापाशी आहे. वेसाव्यास मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षण केंद्र असून तेथे मच्छीमार युवकांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. पोहता येणे ही तेथील प्रवेशाची एक अट आहे. हौशी व्यक्तीनेही ती स्वतःस लावून घ्यावी. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही वेसाव्यासच आहे.

पाण्याची ओळख, पोहण्याची कला, मोजपट्टी, गळ आणि मग पाग असा क्रम नवशिक्याने पाळला, तर त्याचा छंद सुरक्षित राहील आणि कोळीवाड्याच्या उद्याच्या घासासही धक्का लागणार नाही. लहान मासा पुन्हा पाण्यात सोडणारा हात हाच शिकलेल्या मच्छीमाराचा हात होय.