ड्रोन उडवताना कोणी रागावले तर?

गेल्या स्नेहसंमेलनात पटांगणाचे चित्रण करण्यासाठी आम्ही २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन उडवला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशा 'नॅनो' ड्रोनसाठी चालक-परवाना लागत नाही, आणि आपली जागा हिरव्या क्षेत्रात येते हेही नकाशावर पाहिले होते. तरी पाच मिनिटांत पलीकडच्या घरातले एक काका तावातावाने आले. "आमच्या लेकीसुना गच्चीवर पापड घालतायत आणि तुम्ही फोटो काढता?"

आम्ही त्यांना नियम सांगू लागलो आणि तिथेच चुकलो. काका जास्तच भडकले. त्या गडबडीत उडवणाऱ्याची नजर ड्रोनवरून हटली. कडुनिंबाच्या फांदीला तो घासता घासता वाचला. मग आधी ड्रोन उतरवला, पाती थांबल्यावर काकांना चित्रण दाखवले. त्यांची गच्ची कोपऱ्यात खरोखरच दिसत होती! तेवढा भाग त्यांच्यासमोरच पुसून टाकला. काका निवळले, पण हसले मात्र नाहीत.

आता उडवणाऱ्याशेजारी दुसरा शिक्षक उभा असतो. येणाऱ्याशी तोच बोलतो. आदल्या दिवशी आसपासच्या घरी वेळही सांगून येतो.

२०२४ मध्ये पुणे आणि बीड जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हा चोर टेहळणी करतात या धास्तीने गावकऱ्यांनी रात्र रात्र पहारे दिले. अंधार पडल्यावर आम्ही ड्रोन पेटीबाहेर काढत नाही.