मेंदूची आज्ञा आणि शरीराची हालचाल



वस्तीत कोणाला फिट आली की माणसे धावून येतात. एक जण चप्पल हुंगवतो, दुसरा कांदा फोडून नाकाशी धरतो, तिसरा अंगाऱ्याचे नाव काढतो. घरातल्या वृद्धाचे तोंड सकाळी वाकडे दिसले, तर "वारं गेलं असेल, तेल चोळा" असा सल्ला मिळतो. सर्वांचा हेतू चांगलाच असतो. परंतु आजार नेमका कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. म्हणून मेंदू शरीराला कसा हलवतो आणि त्यात बिघाड झाला म्हणजे काय होते, याची ओळख प्रस्तुत लेखात करून घेऊ.

मेंदूची रचना

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे १३०० ते १४०० ग्रॅम असते. म्हणजे शरीराच्या वजनाचा अवघा दोन टक्के भाग. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याच्याजवळ साठा मात्र नसतो. रक्तपुरवठा बंद पडला, तर काही मिनिटांतच चेतापेशी मरू लागतात.

मेंदूचे मुख्य भाग तीन. मोठा मेंदू विचार, स्मृती, वाचा आणि इच्छेनुसार होणारी हालचाल सांभाळतो. त्याच्या मागे, खालच्या बाजूस असलेला लहान मेंदू तोल व हालचालीतील अचूकपणा राखतो. मस्तिष्क-स्तंभ या दोहोंना मेरुरज्जूशी जोडतो. श्वासोच्छ्वासाचे केंद्रही तेथेच, लंबमज्जेत असते.

आज्ञेचा मार्ग

समोरची चहाची कपबशी उचलायची आहे असे समजा. आज्ञा निघते ती मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यातून. १८७० साली जर्मनीतील फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूवर सौम्य विद्युतप्रवाह सोडला, तेव्हा विरुद्ध बाजूचे पाय हलले. पुढे कॅनडातील शल्यविशारद पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना या पट्ट्याचा नकाशा तयार केला. त्यात हाताची बोटे, ओठ व जीभ यांना मोठी जागा असून पाठ-पोटाला फारच थोडी आहे. जेथे काम नाजूक, तेथे चेतापेशी अधिक!

हा आज्ञामार्ग खाली येताना लंबमज्जेत बाजू बदलतो. त्यामुळे डावा मेंदू उजव्या अंगाला आणि उजवा मेंदू डाव्या अंगाला चालवतो. पुढे मेरुरज्जू व मज्जातंतूंमार्फत आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचते. हात कपाशी नेमका थांबावा याची काळजी लहान मेंदू घेतो. दारू प्यायलेला माणूस झोकांड्या खातो, कारण दारूचा अंमल या लहान मेंदूवरही होतो. मोठ्या मेंदूच्या तळाशी काही चेतापेशींचे पुंजके आहेत. हालचाल सहज सुरू व्हावी आणि नको ती हालचाल दबावी, हे त्यांचे काम.

या मार्गावर बिघाड कोठे झाला, त्यावरून आजाराचे रूप ठरते. नेहमी आढळणारे तीन आजार पाहू.

१) पक्षाघात (लकवा)

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते, आणि विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. बहुतेकांचे वाचाकेंद्र डाव्या मेंदूत असते. म्हणून उजवे अंग गेले तर पुष्कळदा वाचाही जाते. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. अशा रुग्णासमोर तो काही समजत नाही असे धरून बोलू नये.

खूण ओळखण्यास सोपी आहे. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते काय? दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली पडतो काय? एक वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात काय? यांपैकी एकही खूण अचानक दिसली, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. रक्तस्राव आहे की गुठळी, हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरी कोणतीही गोळी देऊ नये. गिळता येत नसेल तर पाणीही पाजू नये. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू ही या आजाराची मोठी कारणे आहेत.

२) कंपवात

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी याचे वर्णन केले. मस्तिष्क-स्तंभातील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात स्वस्थ असताना थरथरतो, अंग ताठरते, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. हा वयाचा दोष किंवा आळस नव्हे. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. आजार पूर्ण बरा होत नसला तरी औषधाने व व्यायामाने पुष्कळ वर्षे कामात राहता येते.

३) अपस्मार (फिट, मिरगी)

चेतापेशींमधून अचानक एकदम विद्युत-लहरी उसळतात आणि अंगाला झटके येतात. यात भूतबाधा कसलीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य औषधाने त्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, जवळच्या टणक वस्तू दूर करा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर ताबडतोब रुग्णालयात न्या. चार महिने फिट आली नाही म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

अपस्माराच्या मुलीचे लग्न कसे होणार, ही आईबापांची चिंता. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात (जो बौद्धांनाही लागू आहे) अपस्मार हा विवाहास बाधक मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. कायदा बदलला, आता घराघरातील समजूत बदलायची आहे.

सभासदांना विनंती आहे की पक्षाघाताच्या तीन खुणा आणि झटक्याच्या वेळचे प्रथमोपचार आपल्या घरी आज संध्याकाळी सर्वांना समजावून सांगावेत. विद्यार्थ्यांनी ते एका कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. वेळेवर आठवलेली एवढीशी माहिती एखाद्याचा हात, वाचा किंवा प्राण वाचवू शकेल.