फवारणीचे विष व माणसाची मज्जासंस्था

फवारणी करून सायंकाळी घरी परतलेल्या माणसास दरदरून घाम सुटतो, मळमळते, डोके दुखते व हातपाय गळून जातात. "ऊन लागले" असे म्हणून त्यास सावलीत निजविले जाते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पंप पाठीवर घेतो. पुष्कळ वेळा हे ऊन नसून विषबाधेचा आरंभ असतो. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. ही लक्षणे वेळीच ओळखता यावीत यासाठी मज्जासंस्थेचे कार्य समजून घेणे जरूर आहे.

मेंदू, मज्जारज्जू व त्यांपासून निघणारे मज्जातंतू मिळून ही संस्था बनते. मेंदूपासून १२ व मज्जारज्जूपासून ३१ मज्जातंतूंच्या जोड्या निघून सर्व शरीरभर पसरतात. हात उचलणे आपल्या इच्छेने घडते. हृदयाचे ठोके, लाळ, घाम, आतड्यांची हालचाल ही कामे मात्र आपल्या इच्छेविना चालू असतात, पण त्यांवरही मज्जातंतूंचाच ताबा असतो.

तंतूमधून संदेश विजेच्या रूपाने धावतो. परंतु तंतूचे टोक व स्नायू यांमध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून एक रासायनिक द्रव्य स्रवते. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या एका हृदयाची गती त्याच्या मज्जातंतूला चेतवून मंद केली व त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयास दिला. तेही मंदावले. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन होय. संदेश पोचताच कोलीनएस्टरेज नावाचे विकर त्याचे तुकडे करते व स्नायू पुढील संदेशास मोकळा होतो. दारे धरणारा माणूस वाफा भरताच पाणी पुढे वळवितो, तसेच हे काम आहे. तो झोपी गेला तर वाफा फुटतो.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस इत्यादी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे नेमकी याच विकराला चिकटून त्यास निकामी करतात. किडीचा नाश यामुळेच होतो. आणि तेच विकर माणसाच्या शरीरातही असल्याने विष दोघांत भेद करीत नाही. ॲसिटिलकोलीन साचत जाते व संदेश थांबतच नाहीत. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, पोटात कळा येऊन जुलाब होतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. स्नायू प्रथम फडफडतात व मागाहून लुळे पडतात. श्वासनलिका स्रावाने भरून छातीत घरघर सुरू होते. मृत्यू बहुधा श्वास कोंडूनच येतो. नुसत्या उन्हाने सहसा लाळ गळत नाही व बाहुली अशी बारीक होत नाही.

मात्र एक अपवाद ध्यानी ठेवावा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी भयाच्या प्रसंगी ॲड्रिनलीन रक्तात सोडतात. त्याने नाडी जलद होते व बाहुली विस्तारते. या ग्रंथींना मिळणारा मज्जातंतूचा संदेशही ॲसिटिलकोलीनद्वारेच पोचतो. त्यामुळे काही रोग्यांची नाडी मंद न होता जलद चालते व बाहुली बारीक नसते. एवढ्यावरून विषबाधा नाही असा निष्कर्ष काढू नये.

विष केवळ तोंडावाटे जाते ही समजूत चुकीची आहे. गळक्या पंपाने भिजलेली पाठ, काख, जांघ व डोक्याची कातडी यांतून ते सहज शोषले जाते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे, हे तर विष चाखण्यासारखेच होय. रोजच्या थोड्या थोड्या संपर्काने विकराचा साठा हळूहळू घटतो. रक्तातील तांबड्या पेशींमधील विकर नव्या पेशी तयार होतील तसेच भरून येते, आणि या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून लागोपाठ फवारणी करणाऱ्या मजुरास एखाद्या दिवशी अल्प मात्राही भोवते. "इतके दिवस काही झाले नाही" हे बोलणे येथे निरर्थक ठरते.

लक्षणे दिसताच रोग्यास शेताबाहेर आणून कपडे काढावेत व साबणाने भरपूर पाण्यात अंग, केस व नखे धुवावीत. धुणाऱ्याने स्वतःचे हातही सांभाळावेत. ओकारी काढवू नये. दूध, तेल वा तूप पाजू नये. शुद्ध हरपल्यास कुशीवर निजवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टर ॲट्रोपीनने स्रावांना आवर घालतात व प्रॅलिडॉक्झिमने विकरास विषापासून सोडविण्याचा प्रयत्न करतात. परंतु वेळ जाईल तसतशी ही पकड घट्ट होते, आणि काही औषधांत तर अवघ्या काही तासांतच. रात्रभर वाट पाहणे म्हणूनच घातक आहे. सर्वच कीटकनाशके एका प्रकारे बाधत नाहीत व त्यांचे उपचारही निरनिराळे असतात. यास्तव रोग्यासोबत औषधाची बाटली किंवा तिचे माहितीपत्रक न चुकता न्यावे. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच शेतकरी बंधूंना रिकाम्या बाटल्यांवरील लेबल फाडू नये असे सांगून ठेवावे.