बाबांच्या फोनला हात लावण्याआधी

मनू, तुझा निरोप वाचला. बाबांचा फोन सारखा हँग होतो, कंपनीचं अपडेट यायचं बंद झालंय, आणि तुझा वर्गमित्र म्हणतो, "रूट करून दुसरं सॉफ्टवेअर मारून देतो, नव्यासारखा पळेल." तो पोरगा खोटं बोलत नाही. पळेलही. पण फोन बाबांचा आहे गं, आणि आपल्या घरात त्या एका फोनवर काय काय चालतं ते आधी बघ.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पीएम-किसानचा सोळावा हप्ता यवतमाळातूनच सुटला, आठवतं ना? त्या हप्त्यासाठी लागणारी ई-केवायसी आता चेहरा दाखवून फोनवरच करता येते. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभं राहून त्याच फोनने काढायचा. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कपास निगमला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या. बियाण्याचे, मजुरीचे पैसे यूपीआयने. वेचणीच्या दिवसांत तो फोन डेड झाला, तर बाबा कोणाकोणाच्या दारी जातील?

रूट करायचं, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा घ्यायचा, तर आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायचं. ते उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, चॅट, सगळं. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये तर परकं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेचा आतला फ्यूज उडतो, आणि तो कुठल्याच दुकानात परत जोडून मिळत नाही. मागून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा, गेला तो गेलाच. शिवाय फोन सुरू होताना आतलं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तो स्वतः तपासत असतो. कुलूप उघडलं की त्या तपासणीचा भरवसा संपतो. बँकांची ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीमार्फत नेमकं हेच विचारतात. आधारचं चेहरा ओळखणारं ॲपही फोनशी छेडछाड झालीय का ते बघतं. मॅजिस्क नावाच्या साधनाने रूट लपवता येतं, हे तुझा मित्र सांगेलच. येतं, पण आज चालणारी युक्ती पुढच्या महिन्यात बंद पडते. दर वेळी त्या पोराला फोन करत बसायचं का बाबांनी?

आणि कंपनीच्या अपडेटला कंटाळू नकोस. २०१५ साली स्टेजफ्राइट नावाची खोट सापडली, नुसता एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. तेव्हापासून गूगल नियमितपणे दुरुस्त्या जाहीर करतं, आणि कंपनीचं अपडेट आपल्यापर्यंत आणतं ते मुख्यतः हेच. बऱ्याच नव्या फोनमध्ये अपडेट शेजारच्या वेगळ्या जागेत लिहिलं जातं, बिघडलं तर फोन जुन्यावर परततो. बाबांच्या फोनला अपडेट आलंच, तर फक्त कापसाच्या स्लॉटच्या दिवशी करू नका, आणि चार्जिंग भरपूर ठेवा.

मला असं दुसरं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचंही मनापासून कौतुक आहे हं. सायनोजेनमॉड नावाचं असंच एक सॉफ्टवेअर २०१६ च्या शेवटी बंद पडलं, तेव्हा त्याच कामातून लिनिएज ओएस उभं राहिलं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले फोन जगभरातली माणसं स्वतःचा वेळ घालून जिवंत ठेवतात. लिनिएज घातलं म्हणजे रूट झालंच असंही नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पण चिप आणि मोडेमच्या आतल्या दुरुस्त्या कंपनीकडूनच याव्या लागतात. त्या थांबल्या की लिनिएजही तेवढं भरून काढू शकत नाही.

तुला शिकायचंय ना? खरंच शिक. कपाटात माझा जुना फोन पडलाय, त्यात सिम नाही, पैशाचं काही नाही. तो घे. मागच्या झाकणावरचा नव्हे, सेटिंगमधला मॉडेल नंबर बघ आणि नेमक्या त्याच मॉडेलची फाइल घे. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी फोन कायमचा जाऊ शकतो.

बाबांच्या फोनचं मी सांगते तसं कर. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ आधी काढ, जागा मोकळी झाली की हँग होणं बहुधा कमी होईल. कंपनीने भरलेली फालतू ॲप्स सेटिंगमधून डिसेबल कर. जी होत नाहीत ती केबल लावून लॅपटॉपवरून एडीबी नावाच्या साधनाने काढता येतात, कुलूप न उघडता. कुठलं काढायचं ते मला विचारून काढ. मग सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघून पाठव. दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर यंदा कापसाचे पैसे आले की बाबांसाठी साधासा नवा फोन घेऊ, अर्धे मी देईन. घेताना कॅमेऱ्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारायचं.