बंद हंडीतले दिवे

बडोद्याच्या दांडिया बाजारात गायकवाडी अमदानीपासून उभ्या असलेल्या ज्या वाड्यात आमचे कुटुंब राहते, त्याच्या दिवाणखान्यातील काचेच्या बंद हंड्यांत तारेच्या दिव्यांऐवजी एलईडी बसवावेत अशी तजवीज वैशाखाच्या तोंडावर ठरली, तेव्हा दुकानदाराने पंचवीस हजार तासांची ग्वाही देऊन माल दिला आणि वायरमनने तो चढविला. पावसाळा लागण्यापूर्वीच हंड्यांतले दिवे लुकलुकू लागले आणि एकामागून एक विझले. त्याच पेटीतून काढून जिन्याच्या उघड्या होल्डरात लावलेला दिवा मात्र आजही निर्वेध जळतो आहे. तक्रार नेली असता दुकानदाराने विजेच्या दाबाला दोष दिला. परंतु दाब तर दोहोंकडे एकच होता. निराळी होती ती केवळ हवा, आणि तिचाच विचार कोणी केला नव्हता.

तारेचा दिवा स्वतः तापून प्रकाश देई आणि आपला बहुतेक ताप अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकी, म्हणून बंद काचेचे त्यास भय नसे. एलईडीची जात वेगळी. त्यातील अर्धवाहकाच्या दोन थरांच्या संधीवर इलेक्ट्रॉन रिक्त जागांशी मिळतात आणि त्या मीलनात सुटणारी ऊर्जा थेट प्रकाश होऊन प्रकटते. निक होलोन्याक यांनी १९६२ साली तांबडा दृश्य प्रकाश देणारा एलईडी सिद्ध केला. निळ्यासाठी मात्र जगाला आणखी तीन दशके थांबावे लागले, आणि गॅलियम नायट्राइडवर चिकाटीने श्रम करून तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा उजेड म्हणजे त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा लेप चढवून साधलेले मिश्रण होय. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो हे खरे. पण त्या नवांतीलही निम्म्याहून अधिक वॅट उष्णतेतच जातात, आणि ही उष्णता किरणांबरोबर बाहेर न पडता दिव्याच्या बुडाशी साचते. तेथेच, मानेच्या पोकळीत, २३० व्होल्टचा प्रवाह बदलून देणारा ड्रायव्हर असतो. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंशांच्या वाढीबरोबर सुमारे निम्म्यावर येते. बडोद्याच्या उन्हाळ्यात बाहेरचीच हवा चाळीस अंशांपलीकडे जाते, तेथे बंद हंडीच्या पोटात खोक्यावरच्या तासांचा हिशेब कसा टिकावा?

म्हणून माझी विनंती अशी की, हंडी, झुंबर किंवा छतात पुरलेली वाटी यांसाठी दिवा घेताना तो बंद आवरणात चालेल असे खोक्यावर स्पष्ट छापले आहे काय हे पाहावे, वॅट कमीतले कमी ठेवावेत, आणि शक्य तेथे ड्रायव्हर बाहेर, मोकळ्या हवेत राहील अशी जोडणी करून घ्यावी. आयएस १६१०२ ही भारतीय मानकाची खूण आणि मुदतीच्या हमीची तारीखवार पावती यांची खातरजमा दुकानातच करावी.

रंगाविषयी अधिक जपावे असे मला वाटते. ६५०० केल्व्हिनचा निळसर उजेड दिवाणखान्यात उतरला की सागवानाचे खांब निस्तेज दिसतात. २७०० ते ३००० चा दिवा त्यांना त्यांची कांती परत देतो. शिवाय रंग यथार्थ दाखविण्याचा जो निर्देशांक असतो, तो नव्वदाच्या वर असावा. आमच्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी चित्रे भिंतीवर आहेत, तशी अनेक मराठी घरांत असतील. एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, हा नळीच्या दिव्यांपेक्षा मोठाच लाभ. तरी दृश्य प्रकाशानेही कागदावरचे रंग उडतात, आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. संग्रहालये कागदावरील चित्रांसाठी पन्नास लक्सची मर्यादा पाळतात. घरीही चित्रावर थेट झोत सोडू नये आणि पाहणारा कोणी नसता दिवा मालवावा.

एक गोष्ट जुन्या वाड्यांत विशेष तातडीची आहे. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद तेवत राहिला, तर कधी बटणातला खुणेचा दिवा त्यास कारण असतो. पण पुष्कळदा बटण फेजवर नसून न्यूट्रलवर जोडलेले असते, आणि मग अंधारातल्या होल्डरातही पुरता दाब जिवंत राहतो. अशा वेळी दिवा बदलण्यासाठी स्टुलावर चढण्यापूर्वी मुख्य स्विच पाडावा, आणि जाणत्या वायरमनकडून फेज बटणावर आणवून घ्यावी.